पायाळूचा पाय, कायरोप्रॅक्टरचे हात

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना माझे डोके आधी न येता पाय आधी आले. वडवणीसारख्या गावात अशा मुलाला लहानपणापासून काही कामे आपोआप चिकटतात. आभाळ गडगडू लागले की त्याला सगळ्यांत आधी घरात ओढतात, कारण पायाळूवर वीज पडते अशी समजूत. विहीर खणायची असली की पाणी कुठे लागेल ते पाहायला त्याला रानात नेतात. आणि कुणाच्या पाठीत उसण भरली, कमरेत चमक निघाली, की भल्या पहाटे त्याला अंथरुणातून उठवून त्या पाठीला त्याचा पाय लावतात.

विजेने मला आजवर सोडले आहे. पाणी दाखवण्याच्या बाबतीत माझा लौकिक फारसा बरा नव्हता, त्यामुळे तो विषय लवकरच बंद झाला. पाय मात्र मी खूप पाठींना लावला. बाई उंबऱ्याजवळ पालथी निजायची. मी डाव्या पायाची टाच दुखऱ्या जागी ठेवून तीनदा दाबायची. असे तीन दिवस. पैसे घ्यायचे नाहीत हा आमच्या आजीचा दंडक. गुळाचा खडा नाहीतर मूठभर शेंगा मिळत. आणि गंमत अशी, की बहुतेक बायकांना बरे वाटायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या घागर घेऊन आमच्या दारावरून जाताना मला हाक मारून सांगायच्या, ‘गेली गं बाई चमक!’

पुढे मी फिजिओथेरपी शिकले. आता बरीच वर्षे सांध्यांच्या आणि मणक्यांच्या दुखण्यावर काम करते आहे. त्या बायकांना बरे का वाटायचे, याचे उत्तर आज मला बऱ्यापैकी देता येते. एका बाईला बरे का वाटले नाही, याचेही देता येते. तिच्याबद्दल पुढे सांगेन.

आजच्या विषयाला निमित्त झाला एक मोबाइल. मागच्या हंगामावरून परतलेला एक ऊसतोड कामगार, पंचविशीतला तरुण, कमरेला हात लावून माझ्याकडे आला. बसण्याआधीच त्याने फोन पुढे केला. पडद्यावर एक चकचकीत दवाखाना, निळ्या गादीचे टेबल, त्यावर कुशीवर निजलेला माणूस आणि त्याच्यावर ओणवा झालेला गोरा डॉक्टर. एक झटका, आणि कडकड असा आवाज. आवाज नीट यावा म्हणून पेशंटजवळ बारीक माइकही लावलेला. पेशंट उठतो, हसतो, काहींच्या तर डोळ्यांत पाणी येते. ‘मॅडम, तुम्ही असं करता का? एका झटक्यात गॅप भरतो म्हणे.’

या विद्येचे नाव कायरोप्रॅक्टिक. ‘खीर’ म्हणजे हात आणि ‘प्राक्तिकोस’ म्हणजे केलेले, अशा ग्रीक शब्दांवरून ते जुळवले आहे. हाताने केलेला उपचार, इतकाच त्याचा अर्थ. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही.

तिचा जन्म झाला अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या मिसिसिपीकाठच्या गावी. डॅनियल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ तिथे चुंबकीय उपचार करत असे. त्याआधी त्याने मधमाश्या पाळल्या होत्या, किराणा विकला होता. त्याच इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा झाडलोट करणारा कामगार होता. त्याला सतरा वर्षांपासून ऐकू येत नव्हते. वाकून काम करताना पाठीत काहीतरी ‘कट्’ झाले आणि तेव्हापासून कान गेले, असे त्याचे म्हणणे. पामरला त्याच्या पाठीत एक मणका वर आलेला हाताला लागला. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने तो दाबून ‘बसवला’ आणि लिलार्डला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला, असे पामर सांगत असे. लिलार्डच्या मुलीने पुढे वेगळीच हकिगत सांगितली : थट्टामस्करीत पामरने तिच्या वडिलांच्या पाठीत पुस्तक हाणले आणि त्यानंतर काही दिवसांनी ऐकू येण्यात फरक पडला. खरे काय ते आता कळणे नाही. एवढे मात्र खरे, की ऐकण्याची नस कवटीतून थेट मेंदूत जाते, ती पाठीत येतच नाही.

पामरने या एका प्रसंगावर मोठी इमारत उभी केली. मणका जागचा किंचित हलला की नस दाबली जाते, नस दाबली की शरीरातली चेतना अडते आणि रोग होतो. शंभरातले पंच्याण्णव रोग असेच होतात, असे तो लिहून गेला. या हललेल्या मणक्याला त्याने ‘सबलक्सेशन’ म्हटले. १८९७ मध्ये त्याने शाळा काढली, १९०६ मध्ये विनापरवाना उपचार केल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आला. त्याच्या मुलाने ती शाळा वाढवली, देशभर प्रचार केला. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये कायरोप्रॅक्टरना परवाना देणारा कायदा केला आणि १९७४ मध्ये लुइझियानाने केला तेव्हा अमेरिकेतली सगळी राज्ये पूर्ण झाली.

इथे मला पामरची चेष्टा करायची नाही. आमच्या उंबऱ्यावरची गोष्टही फार निराळी नव्हती. एकाला गुण आला, दुसऱ्याला आला, आणि मग ‘का आला’ हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

आता प्रत्यक्षात हा माणूस करतो काय? शिकलेला कायरोप्रॅक्टर असेल तर तो आधी विचारपूस करतो. कधीपासून दुखते, कशाने वाढते, मुंग्या येतात का, पायातली ताकद कमी झाली का. मग उभे करून, वाकवून, चालवून पाहतो. बोटांनी एकेक मणका चाचपतो, कुठला सांधा ताठला आहे ते पाहतो. मग नेमक्या सांध्यावर हात ठेवून, तो सांधा जितका वळतो तितका वळवून, अगदी शेवटी एक छोटा, चपळ धक्का देतो. धक्का जोराचा दिसतो, पण हात फार पुढे जात नाही. सारा प्रकार सेकंदाच्या पाचव्या भागातच आटोपतो. याला ते ‘अॅडजस्टमेंट’ म्हणतात, आम्ही ‘मॅनिप्युलेशन’ म्हणतो. काही जण खाली दबणाऱ्या फळीचे टेबल वापरतात, काहींकडे स्प्रिंगचे टिचकी मारणारे यंत्र असते. टेबल आणि यंत्र वेगळे असले तरी कल्पना एकच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या विद्येच्या शिक्षणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. पूर्ण वेळ शिकणाऱ्यासाठी चार वर्षांत किमान ४२०० तास आणि त्यातले १००० तास देखरेखीखाली पेशंटवर काम, असे त्यात म्हटले आहे. मोबाइलवर तो एक झटका दिसतो. त्यामागचे ४२०० तास तिथे दिसत नाहीत.

आणि तो ‘कडकड’ आवाज? कानशिलावर बोटे मोडून आजी आपली अलाबला घेते, तेव्हा येतो तोच हा आवाज. सांध्याच्या पिशवीत तेलासारखे बुळबुळीत पाणी असते आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांध्याची दोन टोके झटकन दूर गेली की आतला दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर बुडबुडे येतात, तसेच काहीसे. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी बुडबुडा फुटल्याने आवाज येतो असे मांडले होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय यंत्रात बोट ओढून पाहिले, तेव्हा पोकळी तयार होते त्याच क्षणी आवाज येतो असे दिसले. म्हणून एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा मोडत नाही. वायू परत विरघळायला वीसेक मिनिटे लागतात. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तर साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजवा हात तुलनेला ठेवला. दोन्ही हातांच्या सांध्यांत काही फरक पडला नाही. २००९ मध्ये त्याला गमतीच्या संशोधनाचे इग नोबेल मिळाले.

सांगायचे ते हे, की आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसले असे नाही. ते जागेवरून गेलेलेच नसते. आपल्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके आहेत. खालचे माकडहाडापर्यंतचे एकमेकांना जुळलेले. दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी आणि मागे कौलांसारखे एकमेकांवर बसलेले दोन लहान सांधे. भोवती चिवट बंध आणि स्नायू. हे सगळे इतके घट्ट आहे, की हाताच्या धक्क्याने मणका सरकत नाही, तसा वाकून भाकरी थापल्यानेही सरकत नाही.

मग ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप पडला’ हे काय? आमच्या भागात हे शब्द घरोघरी आहेत. खरे तर दोन मणक्यांत गॅप असायलाच हवा. साध्या एक्स-रेत गादी दिसत नाही, तिची जागा मोकळी दिसते. गादी वयाने सुकली, चपटी झाली की ती जागा कमी होते. डॉक्टर म्हणतात, ‘गॅप कमी झालाय.’ बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांपर्यंत येईतो त्याचे ‘गॅप पडलाय’ होते, आणि मग गावोगाव गॅप भरून देणारे निघतात. गादी खरोखर साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. ती फुगते, किंवा कधी तिच्या कडेला चीर पडून आतला गर बाहेर येतो आणि नसेला टेकतो. तेव्हा पायात कळ उतरते.

आणि फुगणे हा प्रकार दिसतो तितका भयंकर नाही. २०१५ मध्ये कंबर न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा एकत्र अभ्यास झाला. विशीतल्या १०० जणांत ३० जणांच्या, आणि ऐंशीतल्या ८४ जणांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. यातल्या कुणाचीच कंबर दुखत नव्हती. म्हणून फिल्म बघून घाबरलेला माणूस आला की मी फिल्म बाजूला ठेवते आणि आधी त्याला चालायला सांगते.

मग आराम कशाने पडतो? सांध्याभोवतीच्या कातडीत, स्नायूंत, बंधांत ताण ओळखणाऱ्या नसांची टोके असतात. अचानक ताण बसला की त्यांच्याकडून मेंदूकडे आणि मज्जारज्जूकडे निरोपांचा लोंढा जातो. दुखण्याचा निरोप त्यात काही काळ मागे पडतो. दुखऱ्या जागेभोवती पहारा देत आखडलेले स्नायू सैल होतात. माणूस वाकू लागतो, चालू लागतो, आणि चालू लागला की भीती जाते. कुणीतरी नेमक्या जागी हात ठेवला, लक्ष देऊन ऐकले, याचाही वाटा असतो. तो मी कमी लेखत नाही. शिवाय साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप उतरते. माझ्या टाचेला मिळालेल्या शेंगांतल्या बऱ्याचशा या निसर्गाच्या खात्यावर जमा करायला हव्यात.

कायरोप्रॅक्टरच्या धक्क्याची मोजदादही झाली आहे. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा आला. नुकत्याच भरलेल्या कंबरदुखीत १०० गुणांच्या मापावर सुमारे १० गुणांनी वेदना कमी झाल्या होत्या. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जुनाट कंबरदुखीच्या ४७ चाचण्या पाहिल्या. मणक्यांवरचा हस्तोपचार हा व्यायामासारख्या नेहमीच्या चांगल्या उपचारांइतकाच गुणकारी ठरला, वरचढ नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यात समजावून सांगणे, व्यायाम आणि मालिश यांच्या रांगेत हस्तोपचारालाही जागा आहे. त्याच यादीत नेहमीसाठी नको म्हटलेल्या गोष्टी ऐकून आमच्याकडचे दुकानदार नाराज होतील : कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ओढणे. बीडच्या बाजारात पट्टे टांगलेले दिसले की मला ही यादी आठवते.

म्हणजे कंबरदुखीपुरती ही विद्या कामाची आहे, बेताची कामाची. दमा, बहिरेपणा, साखर, तान्ह्या बाळाचे रडणे यांवर ती चालते याला चांगला पुरावा नाही. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने लहान मुलांबद्दलच्या अशा दाव्यांवर २००८ मध्ये टीका केली, तेव्हा तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. दोन वर्षांनी संघटनेने तो मागे घेतला. आज अनेक कायरोप्रॅक्टर स्वतःच पामरचे जुने तत्त्व बाजूला ठेवून फक्त पाठ, मान आणि सांधे एवढेच पाहतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांचे आणि माझे काम बरेचसे सारखेच आहे.

मानेचे मात्र वेगळे बोलायला हवे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून वर जातात. मान झटक्याने पिरगाळली तर क्वचित त्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. हे फार विरळ आहे. शिवाय चीर आधीच पडलेली असली तरी मान दुखते आणि म्हणूनच माणूस उपचाराला येतो, त्यामुळे दोष नेमका कशाचा हे सांगणे अवघड जाते. तरी अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१४ मध्ये सांगितले, की मानेला झटका देण्याआधी पेशंटला या धोक्याची कल्पना द्यावी.

आपल्याकडे ही कल्पना कोण देणार? दाढी-कटिंग झाली की डोक्याची चंपी, आणि चंपीच्या शेवटी हनुवटी धरून मान दोन्हीकडे कडकडून मोडायची, हा सलूनमधला जुना रिवाज. गिऱ्हाईकही खुशीत असते. २०१७ मध्ये दिल्लीकडच्या एका माणसाची अशी मान मोडल्यावर श्वासाच्या पडद्याकडे जाणाऱ्या नसांना इजा झाली आणि त्याला श्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागला. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीत एका तरुणाला सलूनमधल्या मालिशनंतर पक्षाघात झाला. न्हाव्याचा हात वाईट असतो असे मी म्हणत नाही, डोके दाबून घ्यायला मलाही आवडते. पण मान पिरगाळू देऊ नका. मान मोडल्यावर चक्कर, एकाचे दोन दिसणे, बोबडी वळणे, तोल जाणे यातले काहीही झाले तर घरी पडून राहू नका, तडक मोठा दवाखाना गाठा.

आता माझ्या थोरल्या काकूबद्दल. मी तेव्हा सातवीत होते. काका-काकूचे कोयते दरवर्षी दसरा-दिवाळीला निघायचे आणि पाडव्याच्या आसपास परत यायचे. ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस जमिनीलगत तोडायचा, म्हणजे दिवसभर कमरेत वाकून राहायचे. पाचट काढायचे, वाढ्याने मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. १९६० च्या दशकात स्वीडनच्या नाचेमसन या डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या मणक्यातल्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. पुढे वाकून वजन उचलताना तो दाब उभे असतानाच्या मानाने कितीतरी वाढतो, असे त्यांना दिसले. फडातल्या बायका हे सुई न घालता सांगतील.

त्या वर्षी काकू परतली ती पाठ धरूनच. हंगाम करून आलेल्या बाईची पाठ दुखणारच, त्यात कुणाला नवल वाटले नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, एरंडाची पाने बांधून झाली. मग मला उठवले. तीन दिवस मी पाय लावला. थोडे बरे वाटले म्हणाली. आठवड्याने पुन्हा बोलावले. पुन्हा तीन दिवस. असे दोन-अडीच महिने चालले. संध्याकाळी तिचे अंग कोमट लागायचे. रात्री घामाने चोळी भिजायची, पण उन्हाळाच होता. अंगावरचे लुगडे सैल झाले होते, पण हंगामात कोण बारीक होत नाही? ती म्हणायची, ‘सवयीचं आहे गं, तू लाव पाय.’ मग एके दिवशी ती अंगणात चालता चालता पडली. पाय जड झाले होते, पायातली चप्पल कधी निघाली ते कळत नव्हते.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. मणक्यांना क्षय झाला होता. दोन मणके पोखरून एकमेकांत बसले होते. आपल्याकडे मणक्याचा क्षय काही नवलाचा नाही. फुप्फुसासारखा खोकला त्यात येईलच असे नसते, म्हणून तो फसवतो. वर्षभर गोळ्या चालल्या. काकू पायांवर उभी राहिली, चालू लागली. आजही आहे. पण पाठीत पोक राहिला तो राहिलाच, आणि पुन्हा तिने मोळी उचलली नाही.

माझ्या पायाने तिचे मणके मोडले का, हे मी शिकायला गेल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या सरांना विचारले होते. ते म्हणाले, ‘लहान मुलीच्या टाचेने नाही. पण अडीच महिने गेले.’ पोखरलेल्या मणक्यावर एखाद्या दणकट माणसाने झटका दिला असता तर काय झाले असते, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

म्हणून कुणीही, पायाळू असो, हाडवैद्य असो, कायरोप्रॅक्टर असो की मी असो, पाठीला हात लावण्याआधी काही प्रश्न विचारले पाहिजेत, आणि त्याने नाही विचारले तर आपण होऊन सांगितले पाहिजे. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे. निजल्यावरही न थांबणारी, रात्री जागवणारी कळ. पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. पूर्वी कर्करोग झालेला असणे. म्हातारपणी ठिसूळ झालेली हाडे. पाऊल वर उचलता न येणे. आणि सगळ्यांत तातडीचे म्हणजे लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, बसण्याच्या जागी बधिर वाटणे. हे शेवटचे असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या दवाखान्यात जायचे, कारण तिथे तासांचा हिशेब असतो. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा करण्याची तरतूद आहे.

मुंबई-पुण्यात परदेशी पदवी घेऊन आलेले कायरोप्रॅक्टर आहेत. पण आपल्या देशात या विद्येसाठी डॉक्टरांसारखी नोंदणी करणारी परिषद नाही. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, कायरोप्रॅक्टर नाहीत. त्यामुळे दोन दिवसांचे शिबिर करून आलेला माणूसही पाटीवर हा शब्द लिहू शकतो. तुम्ही एवढेच विचारा : कुठे शिकलात, किती वर्षे शिकलात? पहिल्याच दिवशी वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले, ‘गॅप भरून देतो’ म्हटले किंवा चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर चपला घालून निघा. चांगला माणूस पाच-सहा बैठकांत फरक पडला नाही तर स्वतःच पुढे पाठवतो.

त्या मोबाइलवाल्या तरुणाची मी तासभर तपासणी केली. धोक्याचे काही नव्हते. खालच्या कमरेचे दोन सांधे ताठले होते. मी त्याला कुशीवर निजवून तसाच धक्का दिला. आवाज आला. तो खूश झाला, ‘बसला का मॅडम?’ म्हणाला. मी त्याला सोड्याची बाटली समजावून सांगितली. त्याला ती फारशी पटली नसावी. मग तीन व्यायाम शिकवले. मोळी उचलताना गुडघ्यात बसायचे, ती अंगाजवळ धरायची आणि वजन डोक्यावर असताना कंबर पिरगाळायची नाही, पावले वळवायची, हे उभे राहून करून दाखवले. ‘मुकादम बसून देईल तेव्हा,’ तो हसून म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. फडातला वेग कामगाराच्या हातात नसतो. एका झटक्याने दोन दिवस बरे वाटेल, पण पुढचे पाच महिने त्याच मोळ्या त्याच फळीवरून चढवायच्या आहेत, हे मलाही कळते.

त्याची बायको इतका वेळ दाराशी उभी होती, एक हात कमरेवर. आमच्याकडच्या बाईची कंबर हा फार कुणी तपासायचा विषय नसतो. कंबर दुखते, पोट दुखते म्हणून थेट पिशवी काढून टाकलेल्या बायका माझ्याकडे येतात, आणि कंबर तरीही दुखतच असते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य सरकारला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती.

मी तिला आत बोलावले. ‘माझं काही नाही, सवयीचं आहे,’ ती म्हणाली.

मी स्टूल पुढे केले आणि विचारले, ‘संध्याकाळचा ताप येतो का?’ नाही म्हणाली. घाम? नाही. वजन? तेवढेच आहे. पायांत ताकद होती, पावले वर उचलत होती. मग तिलाही तेच तीन व्यायाम शिकवले. ते तिने नवऱ्यापेक्षा नीट केले.